ज्यांनी लेकरांना जेवू घातलं, त्यांना विचारू कसं?

बीड जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला गाभा इथं देते.

या ताई आणि त्यांचे पती दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ३ वर्षांपूर्वी पती वारले. एकट्या बाईला टोळीत अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, द्यायला मुकादम तयार होईना. ताई दोन लेकरं घेऊन तालुक्याच्या गावी आल्या, भाड्यानं खोली घेतली. आता दोन खानावळींत पोळ्या लाटतात. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. मुलगी १० वर्षांची, पाचवीत. दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि संध्याकाळी ५ ते ८ ख्रिस्ती मंडळींच्या एका केंद्रात. तिथं अभ्यास घेतात, जेवू घालतात. खेळ असतात, गाणी असतात, बायबलमधल्या गोष्टी असतात. रविवारी प्रार्थना होते. फी नाही. गेल्या पावसाळ्यात ताई ८ दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हा केंद्रातल्या बाईंनीच दोन्ही लेकरं सांभाळली.

यंदा कोजागरीला सासूबाई तुळजापूरला पायी जाऊन आल्या. त्यांनी नातवापुढं प्रसादाचे फुटाणे-बत्तासे धरले. त्यानं हात मागं घेतला. “आज्जी, मला चालत नाही.” सासूबाई काही बोलल्या नाहीत, प्रसाद पदरात बांधून उठल्या. दीर तिथंच होते. तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय: पोरं बाटली, तिथून काढ, माझ्याकडं ठेव, नाहीतर जातीचा दाखलाही जाईल. नवऱ्याच्या अंगावर राहिलेली उचल याच दिरांनी आपल्या डोक्यावर घेतली आहे. इकडं केंद्रात मुलीला नाताळाच्या नाटकात देवदूत केलंय, डिसेंबरात ३ दिवसांचं शिबिर आहे आणि फोटो लावलेल्या एका फॉर्मवर सही हवी आहे. ताई लिहितात: “इकडं बाईचं मीठ खाल्लंय, तिकडं दिरानं कर्ज उचललंय. ज्यांनी लेकरांना जेवू घातलं त्यांना विचारू कसं? लेकरं ठेवू का काढू, तेवढं सांगा.”

प्रिय ताई,

तुमचं पत्र ३ पानांचं आहे. त्यात दीर काय म्हणाले ते आहे, सासूबाई कशा उठून गेल्या ते आहे, केंद्रातल्या बाई किती चांगल्या आहेत ते आहे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ते मात्र एकदाच येतं, शेवटच्या पानावर, तेही कंसात: “(मला बी वाईट वाटलं त्याचं).” ते कंसातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. लेकरं तुमची, कष्ट तुमचे, आणि तुमचं म्हणणं कंसात.

ठेवू का काढू, असं तुम्ही विचारलंत. त्याच्या आधीची एक गोष्ट मला तुमच्याशी बोलायची आहे. तुम्ही दोन्हीकडून मिंध्या झाल्या आहात, आणि मिंध्या माणसाला प्रश्न विचारायची चोरी वाटते. बाईंना विचारलं तर कृतघ्न ठरेन, दिरांना विचारलं तर उर्मट ठरेन. मग उरतं काय, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकायचं. लेकरांचा निर्णय असा होऊ नये.

हे दोन उपकार एका मापाचे नाहीत, हेही बघा. दिरांनी घेतलेल्या उचलीला आकडा आहे. तो किती होता, त्यातला किती फिटला, तुमच्याकडून किती यायचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात नाही. या आठवड्यात दिरांना शांतपणे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. महिन्याला २०० रुपये का होईना, द्यायला लागा. आकडा कागदावर आला की ते कर्ज राहतं. आकडा नसला की त्याचं दावं होतं आणि ते कुणीही ओढतं. दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. भावाची उचल अंगावर घेणारा माणूस सहज भेटत नाही.

केंद्रातल्या बाईंनी ८ दिवस लेकरं सांभाळली, त्याला आकडा नाही आणि तो लावूही नये. पण त्या बाईंनी तुमच्याकडं त्याची परतफेड मागितली आहे का? तुमच्या पत्रात तरी तसं काही नाही. तुम्हीच मनानं ठरवलंय की त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं. मला ते पटत नाही. माझ्या लेकराला रोज संध्याकाळी ३ तास तुम्ही काय शिकवता, हे विचारणारी आई कुठल्याही चांगल्या माणसाला आवडते. ज्याला आवडत नाही, त्याच्याकडं लेकरू ठेवताना विचार करावा.

आता प्रसादाचं. तुमच्या पत्रातली खरी जखम ती आहे, दिरांची धमकी नव्हे.

मुलगा ‘चालत नाही’ म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं, का त्याचं त्यानंच ठरवलं? तुम्ही धरून चालला आहात की केंद्रात तसं शिकवलं असणार. शिकवलं असेलही. काही ख्रिस्ती घरांत मूर्तीपुढं ठेवलेलं खात नाहीत, काही घरांत आजीबाईच्या हातचं म्हणून खातात. त्यांच्यातही यावर एकमत नाही. बायबलमध्येच पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र आहे, त्यात मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, यावर केवढी चर्चा आहे. अन्नामुळं कुणी देवाच्या जवळ जात नाही, पण आपल्या वागण्यानं दुसऱ्याला ठेच लागू देऊ नये, असा तिचा रोख आहे. दुसरी शक्यताही आहे. दानिएलाची गोष्ट या मुलांना हमखास सांगतात. परक्या राजाच्या वाड्यात नेलेला पोरगा राजाच्या ताटातलं खात नाही, भाजीपाल्यावर आणि पाण्यावर राहतो आणि तरी सगळ्यांत तेजस्वी दिसतो. १३ वर्षांच्या पोराला ही गोष्ट भारून टाकते. त्या वयात कशासाठी तरी ताठ उभं राहावंसं वाटतं. तुमच्या लेकरानं दानिएल व्हायचं ठरवलं असेल आणि समोर राजाऐवजी आजी आली असेल.

आणखी एक बोलते, रागावू नका. बाप गेला तेव्हा तो १० वर्षांचा होता. केंद्रात त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणारे, अभ्यासाला बसवणारे एक दादा आहेत, असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्यानं डोळे मिटून जेवणाआधी प्रार्थना करणं, ‘चालत नाही’ म्हणणं, यात देव किती आणि दादासारखं व्हायची ओढ किती, हे त्याचं त्याला तरी सांगता येईल का? बापाची जागा रिकामी असली की पोरगं कुणाची तरी चाल उचलतं. ती चाल चांगल्या माणसाची असेल तर देवाचे आभार माना. आणि तसं नसेल, त्याला खरोखरच येशूच्या गोष्टी मनापासून भावत असतील, तर तोही काही आजार नाही. १३ व्या वर्षी वाटतं ते २३ व्या वर्षी वाटेलच असं नाही. वाटलं तर तेव्हा तो सज्ञान असेल.

म्हणून त्याच्याशी बोला. दिरांच्या देखत नको, केंद्रात नको. रात्री तुम्ही खानावळीतून आल्यावर, मुलगी झोपल्यावर. ‘तू असं का केलंस’ अशी सुरुवात करू नका. ‘मला ती गोष्ट सांग, ज्यातून तुला हे वाटलं’ असं म्हणा. तो सांगेल. ऐकून घ्या. मग तुमचं सांगा, कंसातून बाहेर काढून: आजी त्या वयात तुळजापूरपर्यंत चालली, वाटेत तुझं नाव घेतलं असेल, तू हात मागं घेतलास तेव्हा मला फार वाईट वाटलं. खायचं नसेल तर नको खाऊस, पण दोन्ही हात पुढं करून घे आणि बहिणीला दे. आजीचा हात परत पाठवायचा नाही. आणि त्याच्या बदल्यात तुम्हीही एक पाळा: त्यानं जेवणाआधी डोळे मिटले तर टोकू नका, कुणाला टोकू देऊ नका. आईबापाचा मान राखावा हे तर बायबलच्या दहा आज्ञांतही आहे, त्याला ते ठाऊक असेल. पण ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकू नका. त्याचं त्याला आठवू द्या.

‘बाटली’ हा शब्द मला फार लागतो. भांडं बाटतं, पाणी बाटतं असं जुनी माणसं म्हणायची. लेकरू भांडं नाही. शिवाय ख्रिस्ती माणूस म्हणजे कुणीतरी परमुलखातला, हेही मराठवाड्याला धरून नाही. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या अमदानीत वसवलं. ते स्वतः ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि येशूवर अभंग रचले. आपल्याकडची ख्रिस्ती घरं मराठीत रडतात, मराठीत गातात. आणि जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पुढं १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. शिक्षण कुणाकडून घेतलं यावरून माणूस पुढं कोण होणार हे ठरत नाही.

हे झालं एका बाजूनं. दुसरी बाजूही तेवढ्याच गांभीर्यानं मांडायला हवी, कारण तुमचा दीर जे बोलतो त्यात भीती असली तरी प्रश्न खोटा नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवायचं, कुणावर धर्म लादायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मी रमाबाईंना फार मानते. त्यांनी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. तरी तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही: जिला जायला दुसरं घर नाही, त्या मुलीसाठी उघडं दार म्हणजे काय? ती प्रेमानं आत जाते, का आधार टिकावा म्हणून? तिचं तिलाही सांगता येत नसेल. आणि ज्या मुली काढून नेल्या, त्यांतल्या किती पुन्हा शाळेत गेल्या असतील, हाही प्रश्न मला तितकाच छळतो.

मी स्वतः ४ वर्षं ख्रिस्ती मंडळींच्या एका शाळेत होते. आमच्या बाई रोज प्रार्थना घ्यायच्या. अर्ध्या वर्गाचे डोळे उघडे असायचे, त्यांना ते माहीत असायचं, त्यांनी कधी कुणाला काही म्हटलं नाही. माझं इंग्रजी, माझं अक्षर त्यांचं आहे. त्याच शाळेत एकदा दुसऱ्या एका शिक्षिकेनं प्रार्थनेला न बसलेल्या मुलीला खाऊ दिला नाही. एवढीशी गोष्ट. माझी साठी उलटली, पण तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून अशा कुठल्याही केंद्राबद्दल माझा पहिला प्रश्न ताटाचा असतो.

तोच तुम्ही बाईंना विचारा: “माझी लेकरं रविवारी आली नाहीत, प्रार्थनेला बसली नाहीत, तर सोमवारी त्यांचं ताट, त्यांचा अभ्यास, तुमची माया तशीच राहील का?” सरळ शब्दांत, त्यांच्या डोळ्यांत बघून. आपल्या राज्यघटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, आचरायचा, त्याचा प्रसार करायचाही हक्क देतं. त्या बाईंनाही तो आहे. आणि २८ व्या कलमात म्हटलंय की सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो लहान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तुमचं केंद्र शाळा नाही, त्यामुळं ते कलम तिथं जसंच्या तसं लागू होणार नाही. माप म्हणून मात्र ते चोख आहे. तुमची संमती कुणी कधी विचारली होती का? आठवून बघा. विचारली नसेल तर ती चूक त्यांची आहे, आणि ‘फुकट आहे तर काय विचारायचं’ म्हणून गप्प बसलात ती तुमची. दोन्ही आता दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

एक दिवस खानावळीतून तासभर सुट्टी काढून, न सांगता, ६ वाजता तिथं जा. मागं बसा. अभ्यास किती वेळ होतो, गोष्ट सांगताना दुसऱ्यांच्या देवांबद्दल काय बोलतात, पोरं हसताहेत का दबून आहेत, मोठी माणसं किती आहेत, मुलींचं संडास कुठं आहे, अंधार पडल्यावर मुलींना घरी कोण सोडतं. गोष्ट येशूची असली तर हरकत घेऊ नका. तुमची आजी नरकात जाईल असं कुणी म्हणालं, तर मात्र तिथंच उभं राहून बोला. मोठी माणसं किती, संडास कुठं, घरी कोण सोडतं, हे ३ प्रश्न धर्माचे नाहीत, पण केंद्र ख्रिस्ती असो, मठाचं असो, सरकारी असो, ते आधी विचारायचे. शिबिराचंही तसंच. कुठं आहे, रात्री मुलींजवळ कोण बाई झोपणार, फोन करता येईल का, मधेच घरी यायचं म्हटलं तर आणून सोडतील का. उत्तरं स्वच्छ मिळाली तर मुलाला पाठवा. १० वर्षांच्या मुलीला यंदा नको, असं माझं मत आहे. पुढच्या वर्षी बघा. आणि दोन्ही लेकरांना १०९८ हा नंबर पाठ असू द्या. संकटातल्या मुलांसाठीची ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

त्या फॉर्मवर घाईनं सही करू नका. नुसतं ‘दात्यासाठी आहे’ म्हणाले तर वाचून दाखवायला सांगा. अशा कार्यक्रमांत बहुधा एकेका मुलामागं एक दाता असतो, त्याला मुलाचा फोटो, घरची हकीकत, वर्षातून एकदोन पत्रं जातात. तुमच्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट, तुमच्या गरिबीची गोष्ट कुणाच्या हातात जाणार आहे आणि कशी लिहिलेली आहे, हे तुम्हाला कळायला हवं. नको असलेला मजकूर खोडायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. धर्माचा रकाना असेल तर तिथं काय लिहिलंय ते स्वतः बघा. सही केलेल्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आहे का, हेही विचारा. नीट चालणारी संस्था तो नंबर लगेच देते.

आता दिरांच्या दाखल्याचं. त्यांना हे वाचून दाखवलंत तरी चालेल. तुम्ही जात लिहिली नाही, मला ती नकोही आहे. नियम असा: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर तो राहत नाही. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. म्हणजे दीर बोलतात त्यात तथ्याचा कण आहे. पण धर्म स्वीकारणं वेगळं आणि केंद्रात गणित शिकणं, नाटकात देवदूत होणं वेगळं. गोष्ट ऐकून, गाणं म्हणून, तिथलं जेवून कुणाचा दाखला जात नाही. शाळेच्या रजिस्टरमधली नोंद तुमच्या माहितीशिवाय बदलू नये, एवढी खबरदारी ठेवा. एकदा मुख्याध्यापकांना भेटून नोंद पाहून या.

आणि दिरांना एक गोष्ट विचारायचीच आहे. ‘माझ्याकडं ठेव’ म्हणतात, ठीक. पण भाऊजी दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर जाणार, ते उन्हाळा तोंडावर आल्यावर परतणार. त्या ५-६ महिन्यांत लेकरं कुणाकडं? सासूबाईंच्या भरवशावर वाडीवर राहिली, तर संध्याकाळी अभ्यासाला कोण बसवणार? मुलगी आणखी ३ वर्षांनी १३ ची होईल. ऊसतोडीच्या गावांत त्या वयाच्या मुलीला मागं ठेवायची भीती वाटते, बरोबर न्यायचीही भीती वाटते, आणि मग लग्न उरकून टाकतात. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते फडावर बघितलंय. तिथून काढ म्हणणाऱ्यानं संध्याकाळी ५ ते ८ ची सोय सांगावी. टोमणा म्हणून हे म्हणू नका, खरंच विचारा. त्यांच्याकडं उत्तर असलं तर तेही ऐकायला हवं. आणि निघण्याआधी त्यांना एकदा केंद्रात घेऊन जा. न बघितलेल्या जागेची भीती फार मोठी असते.

माझं मत विचाराल, तर लेकरं आत्ता काढू नका. अभ्यास आणि जेवण चालू ठेवा, रविवारचं तुमच्यावर आणि मुलावर सोडायला बाईंना सांगा. त्या कबूल झाल्या, वागण्यातही ते दिसलं, तर दिरांचा राग काही दिवस सोसा. त्यांनी अट घातली, ताट आणि प्रार्थना एकत्र बांधली, तर मग काढा, कितीही जड गेलं तरी. ज्या बाई ८ दिवस तुमच्या लेकरांच्या उशाशी बसल्या, त्या तुमचं ऐकून घेतील, असं मला वाटतं.

पण सगळा भार त्या एका दारावर टाकून बसू नका. २०१७ च्या मार्चमध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेला भारतातलं काम बंद करावं लागलं, कारण परदेशी पैसा इथल्या केंद्रांपर्यंत पोचवायची परवानगी सरकारकडून मिळेना. तेव्हा तिच्याकडं देशभरातली सुमारे १,४५,००० मुलं होती. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. मुलांच्या बाजूनं एवढंच, की ताट उचललं गेलं. तुमच्या लेकरांचे वडील नाहीत. सरकारची बालसंगोपन योजना अशाच मुलांसाठी आहे, आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंच्या नावानं आहे. एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला गोळा करायला लागा. तुमच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे, ती तहसीलमधून. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहंही सुरू झाली आहेत. तुमच्या तालुक्यात आहे का, जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून ठेवा. खेटे घालावे लागतील. केंद्रातले ते दादा लिहा-वाचायला चांगले दिसतात, त्यांनाच कागद भरायला बरोबर न्या.

हे सदर अशी केंद्रं चालवणारेही वाचतात, त्यांच्यापैकी काहींची पत्रं मला येतात. त्यांना हात जोडून एक मागते. जूनमध्ये नाव घालतानाच पालकांना बसवून सांगा: आम्ही ख्रिस्ती आहोत, आम्ही प्रार्थना करतो, गोष्टी सांगतो, तुमच्या मुलानं त्यात बसावं की नाही हे तुम्ही ठरवा, जेवणाचा आणि अभ्यासाचा त्याच्याशी संबंध नाही. मराठीत लिहून द्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणि मुलांना दानिएलाची गोष्ट सांगाल, तेव्हा आजीचीही सांगा.

ताई, राहिलं नाटक. मुलीला देवदूत होऊ द्या. पांढरा फ्रॉक लागेल, तो केंद्र देईल, पण ओढणीचे पंख तुम्ही शिवून द्या. नाताळापर्यंत टोळी गेलेली असेल, दीर नसतील. सासूबाईंना बोलवायला मुलाला पाठवा, एकट्याला, एसटीनं. त्यानंच त्यांना म्हणावं, “आज्जी, ताईचं नाटक आहे, चल.” धाकट्या बहिणीला तो ताईच म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय.